जास्तीची खिडकी

१

निवृत्त झाल्यावर मी वॉर्सातल्या एका लहान संग्रहालयात बसून राहण्याची नोकरी धरली. दालनाच्या दाराशी एक खुर्ची, तिच्यावर घरून आणलेली उशी, मांडीवर विणकाम, आणि समोरच्या भिंतीवर दिवसभर नजर, एवढेच काम. कोणी चित्राला बोट लावू नये, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाने बुटांवर जाड लोकरी सपाता चढवलेल्या असाव्यात, म्हणजे जुन्या लाकडी जमिनीवर ओरखडे उमटत नाहीत. त्या सपातांचा आवाज पावलांसारखा नसतो. कोणी मायेने टेबल पुसत असावे, तसा तो असतो. इतरांना ते काम कंटाळवाणे वाटे. मला ते उपासनेसारखे वाटे. खिशात हात, हातात जपमाळ, नजर चित्रावर, आणि चित्त जिथे असायला हवे तिथे.

लिपोव्स्की प्रासादाच्या पहिल्या मजल्यावर अगदी टोकाला माझे दालन होते. पाच कोनांची, अरुंद, कशासाठी बांधली हे कोणालाही सांगता न येणारी ती खोली. तिच्यात एकच खिडकी होती आणि एकच चित्र. खिडकीची लाकडी झडप कायम बंद, तिच्यावर काळा जाड पडदा, कारण उन्हाने रंग विटतात. चित्र मात्र प्रकाशाने भरलेले होते. अठराव्या शतकात कोणा परदेशी चित्रकाराने तैलरंगात काढलेली आमच्या शहरातली बाग. लिंडनच्या झाडांची लांब रांग, छत्र्या घेतलेल्या स्त्रिया, कारंज्यापाशी भुंकणारा कुत्रा, झारी घेतलेला माळी. आणि या सगळ्यांच्या मागे, छतावर पुतळे मिरवणारा हाच प्रासाद. ज्या घराचे चित्र, त्याच घरात ते टांगलेले होते.

आमच्या शहरात याचे नवल नाही. लढाईत सारे जळून राख झाले, आणि मग जुनी चित्रे समोर धरून लोकांनी ते विटेवर वीट ठेवत पुन्हा उभे केले. हा प्रासाद याच चित्रावरून उभा राहिला. त्या गवंड्यांत माझा नवरा झेनोन होता. तेव्हा तो कोवळा तरुण होता, आणि याच कोपऱ्यावरच्या परांचीवरून पडून त्याचा उजवा खांदा कायमचा अधू झाला. तो हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. तरी तो हट्टाने त्याच हाताने निरोप घेई, त्याच हाताने क्रुसाची खूण करी.

"भिंत मी बांधली आणि खुर्ची तुला मिळाली," तो म्हणे. "देवाचा न्याय बघ, लुत्सिना."

दुपार कलली की तो बागेत येई, चेस्टनटच्या झाडाखालच्या बाकावर बसे, आणि संग्रहालय बंद झाले की आम्ही दोघे चालत घरी जात असू. एकमेकांच्या हातात हात घालून, हळूहळू, वाटेत बेकरीतून एखादा गुलाबाच्या मुरंब्याचा गोड वडा घेऊन. आम्हाला मूल नव्हते. दिवसातला सर्वांत मोठा सण म्हणजे ते चालणे.

एका ऑक्टोबरात, वडा अर्धा करून माझ्या हातात देताना तो म्हणाला, "आज तू फार वेळ हात करत होतीस गं. थकली नाहीस?"

२

"कुठून हात केला मी?" मी विचारले.

"वरून. खिडकीतून. रोज करतेस तसा."

"रोज?"

"अगं, उन्हाळ्यापासून! आधी मला वाटलं, पडदा हलतोय. मग नीट पाहिलं तर तू. मीसुद्धा करतो की, तुला दिसत नाही का? हा असा." आणि भर रस्त्यात त्याने तो अर्धा हात उचलून दाखवला. समोरून येणाऱ्या एका गृहस्थांनी गोंधळून टोपी काढली.

मी हसले. माझी झडप बंद असते, पडदा ओढलेला असतो, त्या खिडकीशी मी कधी जात नाही, हे त्याला सांगायचे माझ्या जिभेवर आले होते. पण त्याचा चेहरा इतका सुखी होता की मला ते पाप वाटले. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आहे, हे मला ठाऊक होते. काचेवर फांदी हलत असेल, कबूतर बसत असेल. म्हातारा माणूस ज्याची वाट पाहतो ते त्याला दिसते. बुद्धीला हे पटले. मन मात्र त्या रात्रीच्या जपात दोनदा अडखळले.

शेजारच्या दालनात हालिना बसे. ती आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझी खुर्ची उचलून तिच्या दाराशी नेली.

"काय झालं? तुझ्या चित्रानं तुला हाकललं?" तिने विचारले.

"पाय आखडलेत. आज इथेच बसते."

"बस. माझ्या भिंतीवरचे सरदार तुला बघून तरी सरळ बसतील."

बंद होईपर्यंत मी तिथून हलले नाही. माझे दालन मला तिथून पूर्ण दिसत होते; त्यात कोणी गेले नाही, कोणी आले नाही. दमटपणा मोजणारे यंत्र तेवढे टिकटिकत होते.

खाली आले तेव्हा झेनोन बाकावरून उठत होता. "आज तर दोनदा केलास," तो म्हणाला. "बागेत शिरताना एकदा, आणि दिव्याचा खांब ओलांडून मागे वळून बघितलं, तर पुन्हा. तू ना, लुत्सिना, लग्नाआधी एवढी प्रेमळ नव्हतीस."

मी त्याचा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला.

३

नोव्हेंबरात किंगा आली. जुन्या चित्रांवरची काजळी काढणारी, हुशार, भरभर बोलणारी मुलगी. तिने चित्र भिंतीवरून उतरवले, मोठ्या भिंगातून दिवसभर पाहिले, आणि मग माझ्या खुर्चीपाशी येऊन खाली जमिनीवरच बसली.

"लुत्सिनाबाई, एक गंमत सांगू? ही तुमची खिडकी खोटी आहे."

"बाई, ती माझ्या पाठीमागे आहे. गार वारा येतो तिच्यातून."

"आता आहे हो. पण मूळ प्रासादाला नव्हती! युद्धाच्या आधीचा एक फोटो सापडलाय. या कोपऱ्यावर नुसती कोरी भिंत. चित्रकाराला तिथं काहीतरी हवं वाटलं असणार, म्हणून त्यानं आपल्या मनानं खिडकी काढली, आणि खिडकीत ती पिवळी बाई. मग तुमच्या लोकांनी चित्र पाहून बांधलं, तेव्हा खिडकीही बांधली. आणि खिडकी आली म्हटल्यावर तिच्यामागे खोली नको का? म्हणून ही पाच कोनांची पाचर." ती खुदकन हसली. "आपण दोघी आत्ता एका माणसाच्या कल्पनेत बसलोय."

मी चित्राकडे पाहिले. ते दिव्याखाली आडवे ठेवलेले होते. कोपऱ्यावरच्या खिडकीत चार फटकाऱ्यांची ती स्त्री: पांढरी टोपी, पिवळा झगा, चेहऱ्याच्या जागी एक गुलाबी ठिपका, आणि उंच, डोक्याच्याही वर उचललेला उजवा हात.

"कोणाला हात करते ती?" मी विचारले.

"बागेतल्या कोणाला तरी असेल. पण खरं सांगू? खाली कोणीच वर बघत नाही. मी एकेक माणूस तपासला." किंगा उठून झगा झटकू लागली. "असो. नवीन वर्षात ही खिडकी बुजवायचं ठरलंय. भिंत पुन्हा कोरी. चित्रालाही बरं, तुमच्या पाठीलाही बरं."

४

घरी मी हे झेनोनला सांगितले. मला वाटले, तो हसेल. त्याने चमचा खाली ठेवला.

"बुजवणार?" तो म्हणाला. "आणि तिला कुठं ठेवणार?"

"कोणाला?"

 जुन्या गोष्टी सांगताना होई तसा त्याचा आवाज मऊ झाला. "बांधकामावरच्या आमच्या झोपडीत त्या चित्राचा मोठा फोटो लावला होता. मुकादम कंपास लावून मापं काढायचा. म्हातारा वेन्दा होता ना, जुना गवंडी, तो म्हणाला, इथं कधीच खिडकी नव्हती, मी लहानपणी याच बागेत खेळलोय. मुकादम म्हणाला, चित्रात आहे ना? मग बांधा. आणि मी चेष्टेनं म्हटलं, चित्रात बाईसुद्धा आहे, ती बिचारी इतकी वर्षं रंगावर उभी आहे, तिला पाय टेकायला जमीन करू या. सगळे हसले. पण मी ती कमान फार मन लावून बांधली, लुत्सिना. कशी कोण जाणे. बाकीच्या खिडक्या काम म्हणून बांधल्या, ही मात्र कोणाला द्यायची म्हणून. वरचा दगड बसला त्या दिवशी मी एकट्यानं हिरवी फांदी बांधली तिच्यावर."

आमच्याकडे घराचा माथा पूर्ण झाला की गवंडी वर हिरवी डहाळी बांधतात. घर आता राहण्याजोगे झाले, येणाऱ्याने यावे, असा तिचा अर्थ. एका खिडकीवर कोणी ती बांधत नाही.

"फांदी बांधून उतरताना पडलास?" मी विचारले.

"उतरताना नाही. वर पाहताना," तो म्हणाला, आणि पुन्हा सूप पिऊ लागला.

मी त्या रात्री पुष्कळ विचार केला. आमच्या चर्चमधली माता मरियेची मूर्ती लिंडनच्या लाकडाची आहे. ती एकेकाळी ओंडका होती, पाखरे तिच्यावर बसत असतील. कोणा सुताराने प्रेमाने तिला डोळे दिले, ओंजळ दिली, आणि आज आम्ही तिच्यापुढे आपले रडे घेऊन जातो आणि हलके होऊन परततो. ज्याला रूप नाही त्याला आपण भक्तीने जागा करून देतो, आणि जागा केली की तो येतो. हे मी आयुष्यभर मानत आले. पण जागा केल्यावर तोच येतो, दुसरे कोणी येत नाही, असे कुठे सांगितले आहे?

५

डिसेंबरात आमच्याकडे दुपारीच अंधारते. प्रेक्षक क्वचित येत. मी एकटी बसले असता खोलीत सपातांचा तो पुसल्यासारखा आवाज होई: माझ्या मागून, पडद्याच्या बाजूने, खिडकीकडे जाई आणि थांबे. मी माळेचे मणी मोजत राही. प्रामाणिकपणे सांगते, त्या आवाजात दुष्टपणा नव्हता. कोणी आपल्याच खोलीत, पाहुण्याची झोप मोडू नये म्हणून जपून चालावे, तसा तो होता. मला भीती वाटली ती त्याचीच. कारण मग पाहुणी मी होते.

एका दुपारी मी नियम मोडला. आवाज खिडकीशी जाऊन थांबला, आणि मी उठून काळा पडदा बाजूला केला. झडपेची कडी वर केलेलीच होती. मी एक फळी जराशी लोटली.

खाली बाग होती. खरी बाग, ओले काळे बुंधे, दिवे लागू घातलेले, कारंजे थंडीसाठी फळ्यांनी झाकलेले. बाकावर माझा झेनोन, मी विणलेली करडी टोपी घालून. त्याने वर पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने तो अर्धा हात उचलला.

मीही हात उचलला. डोळे भरून आले माझे. वाटले, किती साधी गोष्ट होती ही, आणि मी किती भ्याले!

मग मला दिसले की तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्याची नजर माझ्या डावीकडे वीतभर अंतरावर होती, आणि थोडी वर, माझ्यापेक्षा उंच कोणी उभे असावे तशी. त्याने मान डोलावली, हसून, कोणाला तरी उत्तर दिल्यासारखी. माझ्या डाव्या गालाला, तैलरंगात कालवतात त्या जवसाच्या जुन्या तेलाचा वास लागला.

मी डावीकडे वळून पाहिले नाही. प्रभूचे नाव घेत फळी लोटली, पडदा ओढला, आणि पाठमोरी चालत खुर्चीपर्यंत आले.

त्या दिवशी मी खाली गेले तेव्हा तो उठला नाही.

"चल ना," मी म्हटले.

त्याने माझ्याकडे पाहिले, आणि एक क्षणभर, फक्त एक क्षण, रस्ता विचारणाऱ्या परक्या बाईकडे पाहावे तसे पाहिले. "थांबा जरा," तो नम्रपणे म्हणाला. "माझी बायको येतेय वरून."

"झेनोन!"

"अरे!" तो दचकला, मग हसला, टोपी सावरली. "तू? एवढ्यात कशी उतरलीस? आत्ता तर वर होतीस."

तेव्हा मला माझी भीती पूर्णपणे कळली. भुताखेताची नव्हती ती. एखाद्या संध्याकाळी मी खाली पोचण्याआधी दुसरे कोणी खाली उतरेल, त्याच्या हातात हात घालेल, आणि तो सुखाने तिच्याबरोबर घरी जाईल, ही ती भीती होती.

६

मी त्याला सगळे सांगितले. तो रागावला नाही, घाबरलाही नाही.

"मला कळायला हवं होतं," तो म्हणाला. "तू अशी टोपी घालत नाहीस."

"उद्यापासून बागेत येऊ नकोस."

"आणि ती?"

"झेनोन, मी तुझी बायको आहे. ती रंगाचा डाग आहे."

"अगं वेडे, तू मत्सर करतेस? या वयात? माझ्यावरून?" तो इतका मनापासून हसला की मलाही हसू आले आणि रडूही. मग माझे बोट धरून तो म्हणाला, "मी तिला घर बांधून दिलं. आता तेच बुजवताहेत. भर हिवाळ्यात. तू चर्चमधून आल्यावर मांजरांना दूध घालतेस, आणि मी तिला एवढंही विचारू नको?"

"काय विचारलंस तू तिला?"

त्याने उठून चुलीवर किटली ठेवली, पाठ माझ्याकडे करून.

"नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपण एक ताट जास्तीचं मांडतो," तो शेवटी म्हणाला. "सगळेच मांडतात. दरवर्षी रिकामं राहतं."

"ते वाट चुकलेल्या प्रवाशाचं ताट असतं. देवाच्या नावानं."

"मग?" झेनोन वळला. "ती कोण आहे?"

 साऱ्या आयुष्याची प्रार्थना माझ्यापाशी होती, आणि तिच्यातले एकही वाक्य दार लावून घ्यायला मदत करीना.

७

त्या संध्याकाळी टेबलावरच्या पांढऱ्या चादरीखाली मी गवत पसरले, प्रभूच्या गोठ्याची आठवण म्हणून. बीटरूटचे तांबडे सूप, आंबट कोबी, तळलेला कार्प मासा, खसखशीची गोड पोळी. तीन ताटे. तिसऱ्या ताटात, आमच्या ताटांत होता तसाच, आशीर्वादाचा पातळ पांढरा पापुद्रा, जो आम्ही जेवणाआधी एकमेकांच्या हातातून मोडून घेतो. पहिला तारा दिसल्यावाचून कोणी बसत नाही. झेनोन लहान मुलासारखा खिडकीशी उभा होता.

"दिसला!" तो म्हणाला.

आणि जिन्यात तो आवाज सुरू झाला. पायरी पुसल्यासारखा. हळू, थांबत थांबत. आयुष्यात कधी जिना चढला नसेल अशा कोणाचा.

"लुत्सिना," झेनोन कुजबुजला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला तेव्हा कळले की तोही भ्यालेला आहे, आणि तरी त्याने शब्द दिला आहे.

आवाज आमच्या मजल्यावर येऊन थांबला. ठोठावले नाही कोणी. माझा हात साखळीवर होता. साखळी अडकवावी की काढावी, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मी लहानपणापासून दरवर्षी ताट मांडताना देत आले होते. मी म्हटले, प्रभू, दाराबाहेर जे आहे तेही तुझ्या जगाबाहेर नाही. आणि दार उघडले.

जिन्यात कोणी नव्हते. दिव्याचा उजेड आणि थंडी. मी बाजूला सरले आणि म्हणाले, "या. जेवण तयार आहे."

आम्ही बसलो. मी आणि झेनोनने पापुद्रा मोडला, एकमेकांना आरोग्य चिंतले. मग मी आपला तुकडा तिसऱ्या ताटाच्या दिशेने धरला. माझी नजर खाली होती. बोटांना किंचित ओढ जाणवली आणि कट् असा, बर्फ तडकावा तसा, बारीक आवाज झाला.

त्यानंतर माझ्याकडून एक चूक झाली. मी नजर उचलली. ताटाकडे नाही, ताटामागच्या खिडकीकडे. बाहेर अंधार होता, आणि काचेत आमचे टेबल, मेणबत्ती, मी आणि झेनोन दिसत होतो. आमच्यामध्ये कोणी पाठमोरे बसले होते. पांढरी टोपी. पिवळ्या झग्याच्या कडा कुठेच संपत नव्हत्या, ओल्या रंगाच्या कडा संपत नाहीत तशा. मग ती टोपी सावकाश काचेकडे वळू लागली, आणि मी डोळे मिटले. चार फटकाऱ्यांच्या चेहऱ्यात काय असते ते मला पाहायचे नव्हते.

"खा ना," झेनोन कोणाला तरी हळुवारपणे म्हणत होता. "लाजू नको. लुत्सिनाच्या हातचं आहे."

८

जानेवारीत खिडकी बुजली. मी दुसरे दालन मागून घेतले, आणि चित्र मी पुन्हा पाहिले नाही. एकदा हालिना म्हणाली, "किंगानं साफ करताना तुझ्या त्या पिवळीला पुसलं की काय? मला तर नुसता काळा चौकोन दिसतो." मी म्हटले, तुझा चष्मा बदल.

झेनोन बागेत येईनासा झाला. बर्फ होते, गुडघे दुखत. पण तो उदास नव्हता. दुपारी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खुर्ची टाकून बसे, आणि मी अंगणात पाऊल टाकले की वरून अर्धा हात उचले. घरात जवसाच्या तेलाचा मंद वास असे. कपाटातला एक पेला नेहमीच्या जागेवरून सरकलेला असे. आम्ही त्याविषयी बोलत नसू. कधी मी भांडी घासताना मागे ते जपून पुसल्यासारखे चालणे होई, आणि मी पाय जवळ घेऊन वाट देई. भीती गेली नव्हती. तिच्याशी एका घरात राहायची सवय झाली होती.

ईस्टरच्या आधीच्या एका दुपारी मी परत आले, तर हालिना अंगणात सतरंजी झटकत होती. तिची सुट्टी होती.

"कोण पाहुणी आली गं तुमच्याकडे?" तिने विचारले. "मघाशी बघितलं, तर दोघं खिडकीत. तुझा म्हातारा हात करतोय, आणि त्याच्यामागे उभी राहून तीही. मी इथून ओरडले, झेनोन, मजा आहे रे तुझी! पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. फाटकाकडे बघत होता. तुझी वाट."

मी वर पाहिले. खिडकी रिकामी होती.

तो खुर्चीत होता. डोके मागे टेकलेले, तोंडावर ओळखीचे हसू. गुडघ्यांवर पांघरूण घातलेले होते, कडा नीट खाली खोचलेल्या. अधू हाताने त्याला तसे खोचणे कधीच जमले नसते. त्याचे डोळे कोणी तरी मिटले होते, आणि पापण्यांवर, अगदी कडेला, पांढऱ्या रंगाचा केसाएवढा माग होता. मी तो पुसला नाही. त्याच्याजवळ गुडघे टेकून प्रार्थना म्हटली, आणि शेवटी, खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आभार मानले.

९

त्यानंतरचा उन्हाळा मी अंगणात मान खाली घालून चालले. एकदा चुकून वर पाहिले होते. काचेत हात होता. उंच, डोक्याच्याही वर उचललेला. तो झेनोनचा नव्हता. माझ्या भीतीची जागा आता एकटेपणाने घेतली होती, आणि मला कळेना, या दोहोंत मी कशापासून पळून संध्याकाळभर चर्चच्या बाकावर बसते. आपल्यासाठी कोणी वाट पाहत आहे, आणि ते आपले माणूस नाही, यापरते दुःख मला ठाऊक नव्हते.

मग मृतांचा दिवस आला. सारे शहर त्या दिवशी कबरस्तानात असते. अंधार पडायच्या आत हजारो मेणबत्त्या पेटतात आणि जमीन आकाशासारखी दिसते. मी झेनोनच्या दगडावर दिवा ठेवला, चेस्टनटची एक हिरवी राहिलेली डहाळी मिळाली ती बांधली. "जागा करून ठेवली आहे," मी त्याला म्हटले. "यायचं तर ये."

परतताना अंगणात पाऊल टाकले तेव्हा नुकताच काळोख झाला होता. मी मान वर केली.

स्वयंपाकघरात उजेड होता. मी दिवा लावून गेले नव्हते. खिडकीत एक हात होता, उंच उचललेला, पिवळसर. आणि त्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, दुसरा. जो खांद्याच्या वर जात नव्हता.

मी बराच वेळ उभी राहिले. मग आपला हात उचलला. मुठीतली किल्ली परत पर्समध्ये टाकली, कारण वरचे दार उघडल्याचा आवाज मला खालपर्यंत आला होता, आणि जिना चढू लागले.